डाकोटाचा डावा पंख : पहिल्या मॉडेल किटच्या बिघाडाचा प्रकरण अभ्यास

माझ्या कपाटाच्या वरच्या खणात डाकोटा विमानाची एक प्लॅस्टिकची प्रतिकृती आहे. तिचे प्रमाण १:७२ आहे, म्हणजे खऱ्या विमानाचे ७२ मिलिमीटर तिच्यात एक मिलिमीटर होतात. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती सुमारे ४० सेंटिमीटर भरते. सपाट काचेवर उभी करून मोजले, तर तिच्या डाव्या पंखाचे टोक उजव्यापेक्षा सात मिलिमीटर खाली आहे. खऱ्या विमानाच्या मापात हे अंतर अर्धा मीटर होते, आणि अशा अवस्थेतले विमान नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उभे असते, तर त्यात कोणी टपालाची एक थैलीसुद्धा चढवली नसती. पंखाखेरीज तिच्यात आणखी बरेच दोष आहेत. धडाच्या पाठीवरून लांबट खाच गेली आहे, खिडक्या दुधाळ झाल्या आहेत, नाकाजवळ कपड्याच्या चिमट्याचे दात उमटले आहेत आणि डाव्या पंखाच्या वरच्या बाजूला एका अंगठ्याचा पूर्ण ठसा आहे.

ही प्रतिकृती मी १९८४च्या मे महिन्यात, वयाच्या अकराव्या वर्षी, नागपुरातल्या महाल भागातील आमच्या जुन्या घरी आजोबांच्या मदतीने बनवली. ते माझे पहिले किट होते. घरात तिच्याविषयी गेली चाळीस वर्षे एकच गोष्ट सांगितली जाते, ती अशी की विमान छान झाले होते, पण नागपूरच्या उन्हाने वितळले. ही गोष्ट मला बरीच वर्षे पटलेली होती. ती खरी नाही, हे दाखवणे आणि खरे कारण काय होते ते शक्य तितक्या पुराव्यानिशी मांडणे, हा या लेखनाचा हेतू आहे. पुरावा म्हणून माझ्याजवळ चार गोष्टी आहेत. पहिली म्हणजे ती प्रतिकृती. दुसरी म्हणजे डब्यात राहिलेला कृतीचा कागद आणि सुटे भाग काढून घेतल्यावर उरलेल्या प्लॅस्टिकच्या चौकटी. तिसरी म्हणजे गणिताच्या वहीच्या शेवटच्या दोन पानांवर मी त्या बारा दिवसांत लिहिलेल्या नोंदी, आणि चौथी माझ्या आत्याची आठवण, जी माझ्या आठवणीशी काही ठिकाणी जुळत नाही. जिथे ती जुळत नाही, तिथे मी वहीला प्रमाण मानले आहे.

आबा आणि रात्रीचे टपाल

या प्रकरणातला मुख्य कारागीर मी नव्हतो. तो मान आजोबांचा, म्हणजे आबांचा आहे, आणि बिघाडाचे कारण समजून घ्यायचे तर त्यांची नोकरी आधी समजून घ्यावी लागते.

आबा रेल्वे टपाल सेवेत सॉर्टर, म्हणजे पत्ते वाचून टपाल वेगवेगळे लावणारे कर्मचारी, होते. नोकरीची पहिली काही वर्षे त्यांनी चालत्या गाडीच्या टपालडब्यात काढली आणि नंतर त्यांची नेमणूक रात्रीच्या हवाई टपालावर झाली. आजच्या वाचकाला ही व्यवस्था माहीत असेलच असे नाही. रफी अहमद किडवाई संचारमंत्री असताना १९४९मध्ये ती सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री टपाल घेऊन विमाने निघत, मध्यरात्रीनंतर नागपुरात एकत्र येत, येथे थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या शहरी परत पोहोचे. त्याच वर्षी देशांतर्गत पत्रे जादा आकार न घेता विमानाने नेण्याची योजना आली, त्यामुळे सोनेगावला उतरणाऱ्या थैल्यांमध्ये साध्यासुध्या घरगुती पत्रांचा भरणा असे. नागपूर देशाच्या मध्यावर असल्याचे आपण शून्य मैलाच्या दगडापाशी उभे राहून कौतुकाने सांगतो, परंतु त्या मध्यवर्ती असण्याचा रोजच्या रोज उपयोग कोणी केला असेल, तर तो या सेवेने. १९७३मध्ये ती बंद झाली. सुरुवातीच्या काळात या कामावर प्रामुख्याने डाकोटा विमाने होती.

डाकोटा, म्हणजे १९३५ साली पहिले उड्डाण केलेल्या डीसी-३ या विमानाचे लष्करी रूप, दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर मोठ्या संख्येने उपलब्ध झाले आणि आपल्याकडच्या हवाई वाहतुकीचा बराच भार त्याने वाहिला. त्याचे तिसरे चाक शेपटीखाली असते, त्यामुळे जमिनीवर ते नाक वर करून बसते आणि आतली जमीन दाराकडून नाकाकडे चढती होते. आबा सांगत, की थैल्या चढवणाऱ्या माणसाला आत शिरल्यावर डोंगर चढावा लागे आणि नीट न रचलेली थैली घसरत थेट त्याच्या पायाशी येई. असले तपशील ते मला जेवताना सांगत. डाकोटाचे चित्र असलेला डबा घरात आला, त्या दिवशी ते माझ्याइतकेच अधीर झाले होते, यात नवल नाही.

त्यांच्या नोकरीचा आणखी एक भाग या प्रकरणात महत्त्वाचा आहे. सॉर्टरचे अर्धे कौशल्य पत्ते वाचण्यात आणि अर्धे बांधण्या-चिकटवण्यात असते. थैलीला सुतळी कशी आवळायची, लाखेचे टिपूस किती गरम असताना मोहोर मारायची, फाटलेल्या लिफाफ्याला कागदाची पट्टी कशी लावायची, लेबलाला डिंक कसा फासायचा, या सगळ्यात आबांचा हात बसलेला होता. आमच्या वह्या-पुस्तकांना त्यांनी घातलेली कव्हरे वर्षअखेरपर्यंत सुटत नसत. घरात कोणतीही वस्तू तुटली की ती आबांच्या पाटासमोर जाई. चिकटवण्याच्या बाबतीत आमच्या घरात त्यांचा शब्द अखेरचा होता, आणि तो योग्यच होता, असे मी आजही म्हणेन. फक्त तो कागदाच्या, लाकडाच्या आणि कापडाच्या बाबतीत योग्य होता.

किट

किट माझ्या मामांनी आणले. ते जहाजावर नोकरीला होते आणि एप्रिलच्या शेवटी रजेवर आले तेव्हा त्यांनी तो डबा आणि चिकटवण्याच्या द्रवाच्या दोन लहान ट्यूब माझ्या हातात ठेवल्या. नागपुरात त्या काळी सीताबर्डीच्या दुकानांत पत्र्याच्या मोटारी, चावीची खेळणी आणि मेकॅनोसारखे संच मिळत, पण असे किट मी तोवर पाहिले नव्हते, त्यामुळे त्याची तुलना करायला माझ्यापाशी काहीच नव्हते. डबा उघडल्यावर मला खेळणे दिसले नाही, राखाडी प्लॅस्टिकच्या चौकटी दिसल्या, ज्यांना झाडाला कैऱ्या लगडाव्यात तसे विमानाचे भाग लगडलेले होते. मी त्या चौकटीला झाडच म्हणू लागलो. पुढे या छंदातली माणसे भेटल्यावर त्याला स्प्रू म्हणतात असे कळले, पण आमच्या घरात आजही झाडच म्हणतात.

१:७२ हे प्रमाण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विचित्र वाटते. शंभर का नाही, पन्नास का नाही, असा प्रश्न मीही आबांना विचारला होता आणि त्यांना उत्तर देता आले नव्हते. उत्तर इंग्रजी मापांत आहे. सहा फुटांचे बहात्तर इंच होतात, म्हणून या प्रमाणात सहा फुटांचा माणूस बरोबर एक इंचाचा होतो. १९३६मध्ये इंग्लंडमध्ये ‘फ्रॉग पेंग्विन’ या नावाने प्लॅस्टिकच्या विमानांचे पहिले संच निघाले तेही याच प्रमाणात होते. त्यांचे प्लॅस्टिक सेल्युलोज ॲसिटेट होते, जे काळाच्या ओघात वाकडे होते. पुढे पॉलिस्टायरीन आले आणि मी हाताळलेले राखाडी प्लॅस्टिक तेच होते. ही गोष्ट मी मुद्दाम येथे नोंदवतो, कारण प्लॅस्टिकच मुळात वाकणारे होते असा बचाव कोणी मांडला, तर तो त्या आधीच्या पिढीच्या संचांना लागू पडेल, माझ्या किटला नाही.

कृतीच्या कागदावर जवळजवळ सगळी चित्रेच होती. एका कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरांत चार सूचना होत्या आणि त्यातली तिसरी अशी, की द्रव अगदी थोडा वापरावा. आबांना इंग्रजी चांगले येत होते आणि त्यांनी ती सूचना वाचली होती, कारण तिच्याखाली त्यांच्या पेन्सिलीची रेघ आहे. ती वाचून त्यांनी काय अर्थ लावला असेल, याचा मी खूप विचार केला आहे. कंपनी ट्यूबमध्ये माल कमी देते आणि तो पुरवून वापरा असे सांगते, असा त्यांचा समज झाला असावा, असे माझे अनुमान आहे. मामांनी दोन ट्यूब दिल्या होत्या, तेव्हा आम्हाला पुरवून वापरण्याचे काही कारणच नव्हते.

बारा दिवस

वहीतली पहिली नोंद १२ मेची आहे आणि शेवटची २३ मेची. रात्रपाळीत आयुष्य गेल्यामुळे आबांना निवृत्तीनंतरही रात्री लवकर झोप येत नसे, म्हणून आम्ही जेवणे झाल्यावर माडीवरच्या खोलीत बसायचो. दिवसा त्या खोलीत जाणे शक्यच नव्हते. तिच्यावर टिनाचे छप्पर होते आणि कूलर एकच, तो खाली माजघरात. रात्रीही पंखा लावता येत नसे, कारण पंख्याने बारीक भाग उडत. एक प्रोपेलर असाच गेला आणि तो आजवर सापडलेला नाही. आत्या म्हणते की तो मांजरीने नेला. वहीत मांजरीचा उल्लेख नाही.

पहिल्या रात्री आम्ही धडाचे दोन अर्धे जोडले. मी भाग झाडावरून पिळून तोडले, जे करू नये, आणि आबांनी ते दाढीच्या ब्लेडने तासून घेतले, जे करावे. त्यानंतर ट्यूबचे टोक टाचणीने उघडून त्यांनी धडाच्या कडेला द्रवाची एक सलग, जाड रेघ ओढली. मला ते दृश्य स्वच्छ आठवते, कारण ती रेघ इतकी सारखी होती की मी त्यांच्या हाताकडे बघत राहिलो. मी विचारले, की एवढे लावायचे का. त्यावर आबा म्हणाले, “पोट्ट्या, डिंक हात राखून लावला न, त लिफाफा भुसावळ यायच्या आधीच उघडते.” हे वाक्य मी त्या रात्री वहीत लिहून ठेवले आणि खाली दोन रेघा मारल्या. या प्रकरणाचे कारण त्या एका वाक्यात आहे, असे मी आज म्हणतो. त्या वेळी मात्र ते मला शिकवणीतले सर्वांत मोलाचे सूत्र वाटले होते.

दोन्ही अर्धे एकमेकांवर दाबल्यावर फटीतून द्रव बाहेर आला. आबांनी तो धोतराच्या फडक्याने पुसला. पुसल्यावर पृष्ठभाग गुळगुळीत दिसायच्या ऐवजी ओरखडलेला आणि मऊ दिसला, आणि त्यावरचे रिव्हेटचे, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांचे, उंचवटे नाहीसे झाले. जोड पक्का बसावा म्हणून आम्ही कपड्यांचे लाकडी चिमटे लावले. सकाळी चिमटे काढले, तेव्हा नाकाजवळ त्यांचे दात उमटले होते. आबांना त्याचे वाईट वाटले, पण आश्चर्य वाटले नाही. प्लॅस्टिक नाजूक आहे, असे ते म्हणाले. येथे आमच्यापैकी कोणी थांबून विचार करायला हवा होता. कोरडे पॉलिस्टायरीन लाकडी चिमट्याने दबत नाही. आम्ही त्याच किटचा दुसरा एखादा भाग रात्रभर चिमट्यात धरून पाहिला असता, तरी गोष्ट तिथेच उलगडली असती.

खिडक्यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. आगपेटीच्या काडीने द्रव लावून त्या बसवल्या आणि दुसऱ्या दिवशी त्या धुरकट झाल्या. आबांचे त्याच हिवाळ्यात मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते, त्यामुळे विमानालाही मोतीबिंदू झाला म्हणून ते हसले आणि आम्ही पुढे गेलो.

पंखांची कथा मात्र सविस्तर सांगायला हवी. प्रत्येक पंख वरचा आणि खालचा असा दोन भागांत होता. १६ मेच्या रात्री आबांनी डाव्या पंखाच्या आतल्या बाजूने चहूकडून द्रव फासला, मधल्या आधाराच्या खुंट्यांनाही फासला, दोन्ही भाग मिटले आणि लगेच, त्याच रात्री, तो पंख मुळाशी पुन्हा भरपूर द्रव घालून धडाला जोडला. मुळाशी त्यांनी अंगठा आणि तर्जनीत पंख धरून ठेवला आणि मला शंभरपर्यंत अंक मोजायला सांगितले. मी मोजले. त्यांनी अंगठा काढला तेव्हा तो किंचित चिकटल्यासारखा सुटला, असे वहीत आहे. मग विमान फळीवर ठेवून आम्ही झोपायला गेलो. पंखाच्या टोकाखाली टेकू द्यावा, हे कोणाच्या मनात आले नाही, कारण आबांच्या अनुभवात डिंकाने घेतलेली पकड वाळताना घट्टच होत जाते, सैल होत नाही.

सकाळी पंखाचे टोक खाली आले होते. मी ते वर केले. दुपारी ते पुन्हा खाली आले. संध्याकाळी आबांनी वर केले आणि मुळाशी आणखी द्रव घातला, म्हणजे ज्याने बिघाड झाला त्याचाच आणखी एक थर दिला. हा क्रम तीन दिवस चालला. १९ तारखेला पंख हलेनासा झाला, पण तोवर तो खालीच होता आणि आता वर करू गेल्यावर प्लॅस्टिक कुरकुरले, म्हणून सोडून दिला. वहीत त्या दिवशी एवढेच आहे : “डावा पंख घट्ट झाला. वाकडा झाला.”

उजवा पंख १७ तारखेचा. पहिली ट्यूब संपत आली होती आणि दुसरी वापरायला सुरुवात करण्याआधी ती पिळून संपवायची, हा घरचा नियम होता, त्यामुळे त्याला द्रव कमी मिळाला. तोही वाकला, पण थोडाच. दुसरी ट्यूब इंजिने, चाके आणि डाव्या पंखाच्या दुरुस्तीत संपली. शेपटीचे आडवे पंख सगळ्यांत शेवटी, २२ तारखेला, मी एकट्याने लावले, कारण त्या रात्री आबा एका लग्नाला वर्ध्याला गेले होते. ट्यूबमध्ये काही उरले नव्हते. मी ती कात्रीने कापली, आतल्या भिंतीला लागलेला द्रव टाचणीच्या टोकावर घेतला आणि चार-चार ठिपके दिले. आबा नाहीत आणि माल नाही, म्हणून हे काम कच्चे राहणार, अशी माझी खात्री होती.

रंगकामाचा या प्रकरणाशी फार संबंध नाही. इतवारीतून आणलेला लोखंडी फाटकांचा ॲल्युमिनियम रंग तारपिनात पातळ करून लावला, तो जाड बसला, त्यात दोन पतंग अडकले आणि किटमधली पाण्याने सुटणारी परदेशी चिन्हे न लावता आबांनी काडीने काळ्या रंगात व्हीटी ही दोन अक्षरे काढली. भारतातल्या नागरी विमानांच्या नोंदणीची सुरुवात या अक्षरांनी होते. पुढची तीन अक्षरे त्यांनी काढली नाहीत. अंधारात कधी वाचली नाहीत, असे त्यांनी सांगितले.

ऊन, प्लॅस्टिक की आणखी काही

घरचे स्पष्टीकरण उन्हाचे आहे आणि वरवर पाहता ते भक्कम आहे. मे महिना, नवतपा तोंडावर आलेला, बाहेर पारा ४५ अंशांच्या आसपास, वर टिनाचे छप्पर आणि दारे-खिडक्या दिवसभर बंद. त्या खोलीत फळीवर तापमान साठ अंशांपर्यंत गेले होते असे धरले, तरी मला हरकत नाही. परंतु पॉलिस्टायरीन मऊ पडू लागते ते शंभर अंशांच्या जवळपास. साठ अंशांत त्याचा पंख स्वतःच्या वजनाने झुकत नाही. आणि समजा झुकला, तर मग शेपटी का झुकली नाही? ती त्याच फळीवर, त्याच छपराखाली, त्या उन्हाळ्याचे उरलेले सगळे दिवस आणि पुढचे सहा-सात उन्हाळे उभी होती. तिचे दोन्ही आडवे पंख आजही एका रेषेत आहेत. किटमधल्या रिकाम्या चौकटीही त्याच फळीवर पडून होत्या आणि त्या सरळ आहेत.

याच दोन गोष्टींनी दुसरी शंकाही मिटते, ती म्हणजे भागच मुळात वाकडे आले असावेत. एकाच चौकटीवरचे शेपटीचे भाग सरळ आणि डावा पंख तेवढा वाकडा, असे होणे अशक्य नाही, परंतु १६ मेच्या नोंदीत मी पंखाचे दोन्ही भाग न चिकटवता एकमेकांवर ठेवून पाहिल्याचे आणि ते “बरोबर बसतात” असे लिहिलेले आहे. अकरा वर्षांच्या मुलाच्या साक्षीला किती वजन द्यायचे हा प्रश्न आहेच. मी ती ग्राह्य धरतो, कारण त्या मुलाला त्या वेळी काही सिद्ध करायचे नव्हते.

उरतो तो ट्यूबमधला द्रव. त्याचे स्वरूपच आम्हाला कळले नव्हते. डिंक, खळ, सरस किंवा लाख यांचे काम असे चालते, की ती वस्तू दोन पृष्ठभागांच्या मध्ये जाते, वाळते किंवा थंड होते आणि तिथेच राहून दोहोंना धरून ठेवते. थर पुरेसा नसेल तर पकड अपुरी पडते, म्हणून सढळ हात हा तिथे गुण आहे. त्यात ट्यूबवर सिमेंट असा शब्द छापलेला होता. आमच्याकडे त्याच हिवाळ्यात न्हाणीघराची भिंत बांधून झाली होती, तेव्हा सिमेंट म्हणजे विटांच्या मध्ये भरपूर घालायची वस्तू, हे चित्र माझ्याही डोळ्यांसमोर ताजे होते. पॉलिस्टायरीनचा द्रव यातले काहीच करत नाही. तो प्लॅस्टिक विरघळवतो. ज्या लांबलचक रेणूसाखळ्यांनी प्लॅस्टिक बनलेले असते, त्यांच्यात तो शिरतो, त्या सुट्या होतात, समोरासमोरच्या दोन मऊ झालेल्या कडांतल्या साखळ्या एकमेकींत गुंततात, आणि मग द्रव उडून जातो. शेवटी मध्ये तिसरी वस्तू उरतच नाही. दोन तुकड्यांचा एकच तुकडा होतो. चिकटवण्यापेक्षा हे काम लोहाराच्या सांधणीच्या जवळचे आहे, आणि आमच्या घरात लोहार कोणी नव्हता.

हे एकदा लक्षात घेतले, की प्रत्येक दोषाची संगती लागते. द्रव जितका जास्त, तितके प्लॅस्टिक जास्त खोलपर्यंत मऊ होते आणि तितका वेळ मऊ राहते. म्हणून रिव्हेट पुसले गेले, चिमट्याचे दात रुतले आणि अंगठ्याचा ठसा उमटला. खिडक्यांचे पारदर्शक भागही पॉलिस्टायरीनचेच असतात, त्यांच्या पृष्ठभागावर द्रव आणि त्याची वाफ यांनी बारीक जाळी धरली. धडाच्या पाठीवरची खाच तर पहिल्या दिवशी नव्हतीच, ती दिवाळीच्या सुमारास दिसू लागली, कारण जाड जोडातला द्रव आठवडेच्या आठवडे हळूहळू बाहेर पडत राहतो आणि जोड आत ओढला जातो. सर्वांत वाईट अवस्था डाव्या पंखाची झाली. त्याच्या आतल्या बंद पोकळीत भरपूर द्रव होता आणि वाफेला बाहेर पडायला वाट नव्हती, तेव्हा पंख आतूनच मऊ होत गेला. मुळाशी ओला जोड, टोकाखाली टेकू नाही, आणि वीस सेंटिमीटर लांबीचा भार.

उन्हाचा यात काहीच हात नव्हता, असे मात्र मी म्हणणार नाही. द्रव मुरलेले पॉलिस्टायरीन शंभर अंशांची वाट पाहत नाही, ते त्याच्या कितीतरी खाली सैल पडते, आणि माडीवरच्या दुपारने ते काम नक्कीच सोपे केले असणार. पण जिथे द्रव नव्हता तिथे त्याच दुपारने काहीही बिघडवलेले नाही.

पडताळणी

२०२१च्या मे महिन्यात, घरातच अडकून पडलेलो असताना, मी जुन्या डब्यातली रिकामी चौकट काढली आणि तिचे बोटभर लांबीचे सारखे तुकडे कापले. काही जोड्या आबांच्या पद्धतीने, म्हणजे द्रव बाहेर येईल इतका घालून जोडल्या आणि काही टाचणीच्या ठिपक्याने. सगळे तुकडे एका फळीच्या कडेला अर्धे बाहेर राहतील असे बांधले, प्रत्येकाच्या टोकाला दोऱ्याने एकेक नाणे टांगले आणि फळी गच्चीवरच्या बंद खोलीत ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आबांच्या पद्धतीचे सर्व तुकडे जोडापाशी वाकलेले होते. ठिपक्याचे सरळ होते. तिसरा गट मी खाली कूलरच्या खोलीत ठेवला होता, त्यातले सढळ हाताने जोडलेले तुकडेही वाकले, पण कमी. आजचा द्रव आणि १९८४चा द्रव एकच आहे असा माझा दावा नाही, आणि घरगुती प्रयोगाला जेवढे महत्त्व द्यायचे तेवढेच द्यावे. तरी आत्याला मी फळी दाखवली. तिने नाणी मोजली, एक कमी आहे म्हणाली आणि ऊन होतेच की, असेही म्हणाली.

या सगळ्यात मला जे महत्त्वाचे वाटते ते असे. नवशिक्या मुलाचे किट बिघडते ते घाईमुळे आणि धसमुसळेपणामुळे, असे सर्रास मानले जाते आणि मुलांना दिला जाणारा सल्लाही त्याच धर्तीचा असतो : सावकाश कर, मोठ्यांना विचार, त्यांच्या हातून करून घे. आमच्या प्रकरणात घाई कुठेच नव्हती. एका विमानासाठी बारा रात्री दिल्या गेल्या, प्रत्येक जोड एका अनुभवी माणसाने स्थिर हाताने आणि पूर्ण लक्ष देऊन लावला, आणि जे जे त्याने लावले ते ते बिघडले. जे एका अननुभवी मुलाने माल नसताना, मदत नसताना, आपण चुकतो आहोत अशा समजुतीने लावले, तेवढेच चांगले राहिले. आबांचे कौशल्य खोटे नव्हते, उलट ते इतके खरे होते की नव्या वस्तूला काही वेगळे लागत असेल अशी शंका घ्यायला त्यांना जागाच उरली नाही. चिमट्याचे दात दिसले तेव्हा त्यांनी प्लॅस्टिकला नाजूक ठरवले, पंख झुकला तेव्हा आणखी द्रव घातला. तीस-पस्तीस वर्षे उपयोगी पडलेली रीत बारा दिवसांत कोण सोडेल?

माझाही वाटा आहे. २३ तारखेला शेपटी घट्ट बसलेली पाहून मी आबांना चार ठिपक्यांची गोष्ट सांगायला हवी होती. मी सांगितली नाही, कारण मी कच्चे काम केले हे कबूल करावे लागले असते. आबांनी शेपटी हलवून पाहिली आणि मला म्हणाले, “पाह्य, शिकला न शेवटी.” मी मान डोलावली. वहीत त्या दिवशी फक्त “विमान पूर्ण” असे आहे.

गेल्या वर्षी फळी पुसताना शेपटीखालचे लहान चाक सुटून पडले. मी जुनी जागा ब्लेडने स्वच्छ केली, टाचणीच्या टोकावर एक ठिपका घेतला, चाक बसवले आणि विमान रात्रभर उलटे करून ठेवले. सकाळी चाक पक्के होते. त्याच बैठकीत पाठीवरची खाच भरून घासून काढता आली असती आणि तेवढे सामान माझ्यापाशी होते. डावा पंख मुळाशी कापून पुन्हा योग्य कोनात लावणेही अवघड नाही, फक्त त्यासाठी तो मुळाच्या बाजूने बोटभर घासावा लागतो आणि ठसा नेमका तिथेच आहे. चाक बसवून मी विमान पुन्हा खणात ठेवले, आणि सवयीने डाव्या टोकाखाली आगपेटी सरकवली.